आप्पांच्या मागची जाळी

जांभळफाट्यावर गाड्यांच्या ए.सी.चं काम करणारा माणूस एकच, बिभीषण कोळेकर. पाटोद्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पंक्चरवाला आणि रसवंती यांच्या मधोमध त्याचं पत्र्याचं शेड होतं. एवढ्या फुफाट्यात बसून हा गडी थंड हवा दुरुस्त करणार, याची लोकांना पहिली दोन वर्षं थट्टाच वाटली. "दोन किलो थंडी बांधून दे बे," म्हणत येणारेजाणारे हसायचे. पुढं ट्रॅक्टरला बंद केबिनी आल्या, जेसीबीला ए.सी. आला, कडा गावाच्या बाजूला ऊस तोडणारी यंत्रं फिरू लागली त्यांनाही आला, आणि तेच हसणारे त्याच्या शेडपुढं नंबर लावून बसू लागले.

त्याचा बाप रामकिसन मेंढरं राखायचा. पावसाळा सोडला तर बिऱ्हाड सदा घोड्याच्या पाठीवर. मेंढरं कोंडायची जाळी, तिला वाघर म्हणतात, ती लावायच्या आधी रामकिसन माळावर कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहायचा. "वारा येतो कुटून ते समदेच बघत्यात," तो लेकाला सांगायचा, "जातो कुटून ते बघ. जायाला वाट नसली तर तो आत येतच न्हाई." बिभीषण पुढं आयटीआय शिकला, पुण्याकडं बसगाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं राबला, तिथं मोठमोठ्या वर्कशॉपातल्या साहेबांकडून धडे घेतले. पण हवा न येणारी गाडी समोर आली की त्याला आठवायचा तो बापच. टाळेबंदीत कारखाना बंद पडला तेव्हा तो बायकोला घेऊन पायी गावाकडं आला आणि परत गेला नाही.

त्याची बायको उज्ज्वला ही सरळ बोलणारी बाई. नवऱ्याच्या हातात कला आहे आणि तोंडात जीभ नाही, हे तिनं लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलं होतं. म्हणून फाट्यावरचा रस्ता रुंद होणार आणि रांगेतली सगळी शेडं जाणार असं कळलं, शेडाच्या पत्र्यावर लाल रंगाची फुली पडली, तेव्हा धावपळ तिनंच सुरू केली. फाट्याच्या मागं, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या अर्जुनरावांच्या संस्थेनं अकरा गाळे बांधले होते. त्यातला एक मेव्हण्याला गेला, दोन मेव्हण्याच्या मेव्हण्याला गेले, बाकीचे प्रचारात पुढं पुढं करणाऱ्यांना वाटून झाले. राहिला होता अकरावा. त्याला मागून खिडकी होती, समोर गाडी उभी करायला जागा होती. उज्ज्वलानं तो बाहेरून तीनदा बघितला आणि कुणाला न विचारता एक पाटीच रंगवून आणली. 'उज्ज्वला ए.सी. रिपेअरिंग.' पाटी घरात पलंगामागं उभी करून ठेवली. गाळा मिळाला तर धंदा टिकणार होता, नाही मिळाला तर परत पुण्याला कुणाच्या तरी कारखान्यात हेल्पर म्हणून जायचं, किंवा बापाची उरलेली वीस मेंढरं हाकायची. तिसरं काही नव्हतं.

अशात दसऱ्यानंतरच्या उन्हात एक दिवस लखन रथ घेऊन शेडपुढं येऊन थांबला.

रथ म्हणजे काय, हे सांगायला हवं. अर्जुनरावांनी निवडणुकीसाठी एक लांबलचक गाडी करून आणली होती. आत पलंग, सोफा, बारकं स्वयंपाकघर, संडास, आरसा, सगळं काही. सिनेमावाले तिला व्हॅनिटी म्हणतात, कार्यकर्ते रथ म्हणायचे, आणि फाट्यावरच्या म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, घर हाय की मग गाडीत कशाला राहतोय हा. बाहेर चारी बाजूंनी अर्जुनराव हात जोडून हसत होते. लखन हा या गाडीचा ड्रायव्हर. तो बिभीषणच्याच वस्तीवरचा, एका बाकावर शिकलेला, एकाच्या भाकरीला दुसऱ्यानं हात घातलेला.

"हवाच येईना बे," लखन म्हणाला. "बीडला दोनदा गॅस भरून आणला. थंड हाय, पण येतीया अशी, जशी म्हातारं माणूस फुंकर मारतंय. साहेब लई तापलेत."

साहेब तापलेले होतेच. आत सोफ्यावर अर्जुनराव खादीचा कुर्ता अंगाला चिकटलेला, हातात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घेऊन स्वतःला वारा घालत बसले होते. बिभीषणनं लवून नमस्कार केला. अर्जुनराव म्हणाले, "तू रामकिसनचा ना? माझ्या आप्पांनी लई जीव लावला तुझ्या बापाला."

आप्पा म्हणजे सुंदरराव, अर्जुनरावांचे वडील, तीन वर्षांखाली वारले. त्यांनी रामकिसनला कसा जीव लावला ते बिभीषणला पाठ होतं. फाट्यामागचं सत्तर एकर गायरान, जिथं तीन पिढ्यांची मेंढरं चरली, ते आप्पांनी एका उन्हाळ्यात संस्थेच्या नावावर करून घेतलं. पहिल्या दिवशी तारेचं कुंपण उभं राहिलं, दुसऱ्या दिवशी रामकिसनच्या चाळीस मेंढरांना कोंडवाड्यात घातलं. अकरा गाळेही त्याच जमिनीवर उभे होते. पण असल्या गोष्टी गरजवंतानं तोंडावर आणायच्या नसतात. बिभीषण "व्हय साहेब" म्हणाला.

"हवा नीट कर," अर्जुनराव म्हणाले. "तुझ्या बायकोचा अर्ज आलाय माझ्याकडं. गाळा तुझा समज. तुझ्यासारखी कारागीर माणसं पुढं आणायची हेच तर आप्पांचं स्वप्न होतं." एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीनं सभेला गेले.

बिभीषण आधी टपावर चढला. वर ए.सी.चं जे यंत्र बसवलेलं असतं, त्याच्या फटीफटीत झेंडू भरला होता. अलीकडं पुढाऱ्याचं स्वागत नुसत्या हारानं भागत नाही. दोन्ही बाजूंना जेसीबी उभे करतात, त्यांच्या बकेटीत पोत्यानं फुलं आणि गुलाल भरतात, आणि गाडी खालून निघाली की वरून ओततात. जिल्हाभराचं प्रेम असं त्या यंत्रात जाऊन कुजलं होतं. बिभीषणनं दोन घमेली चिखल काढला, पाणी मारून बारीक पत्र्यांच्या फटी धुतल्या, वाकलेल्या सरळ केल्या. खाली उतरून छताचा तुकडा उघडला. यंत्राचं तोंड आणि आतला हवेचा मार्ग यांच्यात बोटभर फट राहिली होती, अर्धी थंड हवा छताच्या पोकळीतच हिंडत होती. ती त्यानं चंदेरी पट्टी लावून बंद केली. चालू करून बघितलं. हवा सुधारली, आणि दहा मिनिटांत परत मेली. आत नळ्यांवर पांढरा बर्फ धरला होता.

"गॅस कमी हाय का?" लखननं विचारलं.

"गॅस चांगला हाय. हवा फिरंना म्हणून गोठतंय." बिभीषण खाली बसला. आत हवा येते ती आतलीच हवा परत ओढून घेतलेली असते. मग ओढायची जागा कुठं आहे? छताला नव्हती, सोफ्याखाली नव्हती. ती साफ कुठून करायची हे लखनला माहीत नव्हतं, बीडच्या दोघा मेकॅनिकनी विचारलंच नव्हतं. बिभीषणनं भाजीची पातळ पिशवी घेतली, दोन बोटांत धरली आणि भिंतीभिंतीनं फिरू लागला. मधल्या फळीच्या भिंतीपाशी पिशवी हातातून सुटली आणि सरळ जाऊन चिकटली आप्पांच्या फोटोच्या कडेला.

तीन फुटी फोटो होता. जाड प्लायवर मढवलेला, वर चंदनाचा हार. अर्जुनरावांच्या खुर्चीच्या बरोबर मागं, म्हणजे कुणीही साहेबांचा फोटो काढला की खांद्यावरून आप्पा बघणार. प्रचारयात्रेच्या पहिल्या दिवशी कार्यकर्त्यांनी हौसेनं तो लावला होता. तिथं एक मोठी जाळी होती, दिसायला वाईट दिसत होती, मापात बसत होती. चार स्क्रू पिळले आणि गाडीचं नाक बंद केलं.

"हा काढावा लागंल," बिभीषण म्हणाला.

लखननं बाहेर बघितलं, आत बघितलं. "काढ. साहेबाला सांगतो मी. पलंगाच्या उशाला लाव, झोपताना दर्शन व्हईल."

बिभीषणनं स्क्रू काढायला घेतले. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती त्यानं पुढं उज्ज्वलालाही सांगितली नाही. पहिला स्क्रू ढिला झाला तेव्हा त्याला बरं वाटलं. दुसऱ्याला अजून बरं वाटलं. ज्या माणसापुढं बाप मेंढरं सोडवायला पागोटं काढून उन्हात उभा राहिला होता, त्याला चार इंची स्क्रूड्रायव्हरनं हलवता येतं, ही गंमत त्याच्या हातांना फार गोड लागली. त्यानं फोटो उतरवला, फडक्यानं पुसला, पलंगाच्या उशाला नीट टांगला, हार परत घातला. त्यात त्यानं कसूर केली नाही. जाळी उघडली तर आत गुलालानं लाल झालेली गाळणी निघाली. ती धुतली, वाळवली, बसवली. यंत्र चालू केलं तेव्हा छताच्या चारी तोंडांतून अशी हवा आली की सोफ्यावरची लग्नपत्रिका उडून दारात पडली.

संध्याकाळी अर्जुनराव आले, आत बसले, डोळे मिटले. "वा," म्हणाले. "गडी हुशार हाय." उज्ज्वलानं त्या दिवशी घरी शिरा केला आणि पलंगामागची पाटी काढून ओल्या फडक्यानं पुसली.

दोन दिवस अर्जुनराव त्या खुर्चीवर बसले, उठले, जेवले, भाषणं पाठ केली. पाठीमागं बाप नाही, हे दोन दिवसांत एकदाही त्यांच्या लक्षात आलं नाही. हवा लक्षात आली. रोज म्हणायचे, हवा काय झकास येती.

लक्षात आलं ते लोकांच्या. तिसऱ्या दिवशी नेकनूरची सभा संपली आणि एका कार्यकर्त्यानं गाडीतच साहेबांचा व्हिडिओ काढला. अर्जुनराव त्यात सांगत होते की आप्पांच्या संस्कारांची सावली क्षणभरही माझ्या पाठीवरून हटलेली नाही, आणि पाठीवर रिकामी जाळी होती, चार कोपऱ्यांत चार भोकं. संध्याकाळपर्यंत विरोधकांनी तो व्हिडिओ जिल्हाभर पोचवला, खाली दोनच शब्द लिहून, 'आप्पा कुठंयत?' अर्जुनरावांच्या सख्ख्या चुलत्याचा गट फुटायच्या बेतात होताच. पोरानं बापाला उतरवलं, ही बातमी त्याला पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषणला बंगल्यावर बोलावलं. ओट्यावर वीस-पंचवीस माणसं, मधे अर्जुनराव, खांबाला टेकून लखन.

"कुणाला विचारून काढला फोटो?" अर्जुनरावांनी विचारलं.

"लखनला विचारलतं साहेब. तो म्हनला, काढ. फोटो जाळीवर होता, हवा ओढायला वाटच नव्हती. उशाला लावलाय, बघा तुमी."

सगळ्यांनी लखनकडं बघितलं. लखन गाडीची किल्ली बोटात फिरवत होता, ती थांबली. "मी डिझेल टाकायला गेलतो," तो म्हणाला. "मला न्हाई माहीत."

बिभीषणला राग यायला हवा होता. आला तो मागाहून, घरी गेल्यावर, आणि मग महिनोन्महिने गेला नाही. त्या घडीला मात्र तो नुसता लखनच्या तोंडाकडं बघत राहिला, की आता हा हसेल आणि म्हणेल, चेष्टा केली बे. लखनला दोन पोरी होत्या, घर चालत होतं ते या किल्लीवर. ते कळत असूनही बिभीषणनं त्याला कधी माफ केलं नाही, आणि का करावं? गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "नावच बिभीषण, घरभेदीच निघणार." लोक हसले. लखनही थोडा हसला.

पाटोद्याच्या सभेत अर्जुनरावांनी आप्पांचा फोटो छातीशी धरून भाषण केलं. माझ्या बापाला एका परक्या हातानं खाली उतरवलं, म्हणाले आणि माइकपुढंच डोळे पुसले. बाया रडल्या. मग तो फोटो डोक्यावर घेऊन ते अनवाणी रथापर्यंत चालत गेले, वरून दोन जेसीबींनी फुलं ओतली, आणि कार्यकर्त्यांनी तो होता तिथं, जाळीवर, परत पक्का केला. या वेळी सहा स्क्रूंनी. पडणारी सीट त्या सभेनं वर आली, असं जाणकार अजून सांगतात. परका हात कुणाचा ते साहेबांनी सांगितलं नाही, पण फाट्यावर ते कुणाला सांगायची गरज नव्हती. लोकांनी बिभीषणकडं गाड्या आणणं बंद केलं. अकरावा गाळा हारवाल्या बजरंगला मिळाला. सभासभांना पोत्यानं झेंडू आणि गुलाल पुरवणारा तो हाच.

निकाल लागला, साहेब निवडून आले, आणि महिनाभरात शेडं पाडायला जेसीबी आला. त्याच्या केबिनीचा ए.सी. बिभीषणनंच उन्हाळ्यात नीट केला होता. शेडात गॅसची टाकी आहे, ती काढून घेतो, दोन मिनिटं थांब, म्हणून तो हात हलवत पुढं धावला. ड्रायव्हर काचा लावून थंड हवेत बसला होता, त्याला ऐकू गेलं नाही. पत्रा टाकीवर बसला, टाकीचा कॉक मोडला, आणि सगळा गॅस फुस्स करून उडून गेला. उज्ज्वला रसवंतीच्या बाकावर बसून बघत होती. ती रडली नाही. "मेंढरांमागं जायाचं का पुण्याला, ते आजच ठरवा," एवढंच म्हणाली.

उन्हाळा लागला तसा लखनचा फोन आला. पाच महिन्यांनी. "परत हवा येईना," तो म्हणाला, जसं मधे काही घडलंच नव्हतं. "साहेब म्हनले, त्यालाच बोलव. फकस्त फोटूला हात लावायचा न्हाई."

जाऊ नये असं बिभीषणला वाटलं, आणि तो गेला. पुण्याला त्याच्या जागी विशीतले गडी लागले होते, आणि मेंढरं वीसची अठरा झाली होती. रथ बंगल्याच्या अंगणात उभा होता. त्यानं आत जाऊन फोटोकडं बघितलं. हात लावायचा नाही म्हणजे उतरवायचा नाही. मग आप्पा तिथंच राहून त्यांच्या मागं वाट कशी होईल, असा त्यानं पहिल्यांदाच विचार केला, आणि विचार करायला त्याला एक मिनिटही लागलं नाही. अंगणात पाण्याच्या पाइपचा तुकडा पडला होता. त्याचे त्यानं दोन-दोन इंचाचे सहा पोकळ तुकडे, म्हणजे बुश, कापले. लांब स्क्रू घेतले. एकेक स्क्रू काढून मधे एकेक बुश घातला आणि परत पिळला. फोटो भिंतीपासून दोन इंच पुढं आला. चारी कडांनी हवा आत शिरू लागली, आप्पा होते तिथंच राहिले, हारसुद्धा हलला नाही.

काम झाल्यावर तो जमिनीवर बसून राहिला. हातात एक उरलेला पाइपचा तुकडा होता. एवढंच होतं. पहिल्या दिवशी एवढंच केलं असतं तर गाळा त्याचा होता. आणि ते सुचलं का नाही, हेही त्याला माहीत होतं. त्या दिवशी त्याला वाट करायची नव्हती, त्याला तो माणूस भिंतीवरून उतरलेला बघायचा होता. आपण हवा दुरुस्त करतो आहोत असं तो पाच महिने स्वतःला सांगत होता.

अर्जुनराव आत आले. खुर्चीत बसले, डोकं मागं टेकलं, छताखाली हात धरून हवा बघितली. मग वळून फोटोकडं बघितलं, कडेला बोट घालून फट मोजल्यासारखं केलं.

"मग हे आधीच करायचं ना बे," ते म्हणाले.

साहेब खरं बोलत होते. सगळ्या प्रकरणात त्यांनी खरं बोललेलं वाक्य एवढं एकच. त्यानं पाने पिशवीत भरले, नमस्कार केला आणि खाली उतरला. दाराशी लखन उभा होता. "चहा घे की," तो म्हणाला. बिभीषण थांबला नाही.

घरी उज्ज्वला कोकरांच्या खोपटाशी होती. खोपटाला दार म्हणून तिनं ती रंगवलेली पाटी लावली होती, अक्षरं आतल्या बाजूला करून. "झाली हवा?" तिनं विचारलं.

"झाली."

"काय म्हनले?"

"आधीच करायचं म्हनले."

पाटी सरकवून तिनं कोकरं आत घातली, आणि तो खोपटाच्या मागच्या कुडाला भोक पाडायला बसला, कारण आत हवा कोंडत होती.